बोट खाली, गाडी वर

बाळांनो,

परवा घराला रंग द्यायला आलेल्या माणसाने बाल्कनीतल्या राखाडी केबलला पक्कड लावली आणि विचारलं, "आजी, ही जुनी वायर काढून टाकू ना?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की तो स्टुलावरून उतरून बाजूला उभा राहिला. तुम्ही तेव्हा व्हिडिओ कॉलवर होतात आणि तुम्हाला हसू आवरेना. मग धाकटीने विचारलं, एका वायरसाठी आजी एवढी का ओरडली. थोरल्याने विचारलं, आजी सगळं इतकं जागच्या जागी ठेवते, मग टीव्ही असा दाराला खेटून का. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते फोनवर सांगण्याजोगं नाही. तुमची आई म्हणते तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं. सावकाशच वाचा.

ती केबल आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंची. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. त्या इथल्याच एका नगररचनेच्या कचेरीत ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कोपऱ्यात सही साहेबांची. मी एकदा म्हटलं, "तुमचं नाव कुठेच नाही हो." तर म्हणाल्या, "रेघ माझी हाय, मला ठाऊक हाय. बस झालं."

त्यांचा जन्म दिवाळे गावातला, खाडीकाठचा. आई टोपली घेऊन मासे विकायला बसायची. कचेरीत राहून त्यांची भाषा माझ्यासारखी झाली होती, पण रंगात आल्या की आई बोलायची तशी बोलत. मला त्या "बाय" म्हणत आणि तुमच्या आजोबांना "दादूस". आजोबा साताऱ्याचे, बँकेतले, शिस्तीचे. पहिल्यांदा "दादूस" ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला होता. नंतर कोणी त्यांना नावाने हाक मारली तर ते चटकन वळत नसत, "दादूस" म्हटलं की वळत.

आमच्या सेक्टरचे रस्ते सरळ नसून गोल वळतात, ते वळण त्यांच्या हातचं होतं. बाजारात जाताना मध्येच थांबून चपलेने फुटपाथची कड चाचपायच्या आणि म्हणायच्या, "कागदावर बरोबर होतं. बांधनाऱ्यानं वाट लावली."

आता खरी गंमत. एकट्या राहणाऱ्या या साठी उलटलेल्या बाईंना व्हिडिओ गेमचं वेड होतं. त्यांच्या आतल्या खोलीत छोट्या कपाटाएवढा कॉम्प्युटर होता. एसी त्या खोलीत होता, म्हणजे कॉम्प्युटरला. बाई स्वतः बाहेर पंख्याखाली बसत. भर मे महिन्यात घाम पुसत मला सांगायच्या, "तो तापला की चित्र अडतं. मी तापले तर काय अडतंय?"

आणि खेळायच्या कशा? जिंकायचं नावच नाही. एखाद्या लढाईच्या खेळात शिरायचं, गोळ्या सुटत असताना एका घरासमोर उभं राहायचं आणि खिडक्या बघायच्या. मी शेजारी बसून म्हणायची, "अहो, मेलात तुम्ही."

"मरू दे. चौकट बघा, चौकट. सुताराचं काम हाय ते."

पुढचा जन्म मिळाला की पुन्हा त्याच घरापाशी. एका खेळातलं मोठं शहर त्यांनी महिनाभर पायी फिरून पाहिलं आणि शेवटी निकाल दिला, "गटारं काढली नायत. एका पावसात बुडंल."

एवढं बारीक बघायचं तर चित्र स्वच्छ हवं. या बाबतीत त्या कोणाचं ऐकत नसत. पडद्यावर आडवे अडतीसशे चाळीस ठिपके आणि उभे एकवीसशे साठ, यातला एकही कमी चालायचा नाही. ठिपके कमी केले की विटेची वीट राहत नाही, नुसता लाल रंग होतो, असं त्यांचं म्हणणं. "धूसर रेघ म्हंजे खोटी रेघ," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुम्ही काढलेली चित्रं बघतानाही तेच आधी आठवतं.

मी त्यांच्याकडे कुतूहलाने जायची, चहा प्यायची आणि खाली येऊन आजोबांना गमती सांगायची. आजोबा म्हणायचे, "या वयात असले पोरखेळ?"

मग आजोबांना अर्धांगाचा झटका आला.

बोलणं वाचलं, पाय महिन्याभरात सुधारला, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तिने एक पिवळा स्पंजचा बॉल दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. आजोबा तो दोनदा दाबत आणि खिडकीबाहेर बघत बसत. शर्ट मी घालून द्यायची. बटणं लावताना ते छताकडे बघायचे. बेचाळीस वर्षांत मी त्यांना असं छताकडे बघताना पाहिलं नव्हतं.

तुमच्या आईने तिकडून फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, तुझी कंबर धड नाही, तू एकटी त्यांचं किती करणार? टेन्शनने मला इथे काम सुचत नाही. मी एप्रिलमध्ये येते. बाबा तोवर स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला लागले तर राहा तिथेच. नाहीतर फ्लॅट बंद करू आणि दोघं माझ्याकडे चला." तिचं चुकलं नव्हतं. मीही तेच म्हटलं असतं. पण फोन ठेवल्यावर आजोबांनी इतकंच विचारलं, "तिथे बाल्कनी आहे का गं?" डिसेंबर चालू होता.

वरच्या बाई त्यांना बघायला आल्या. नमस्कार झाला, चहा झाला. त्यांचं लक्ष बॉलकडे गेलं. उचलून दोनदा दाबून पाहिला.

"दादूस, हा दाबल्यावर कुठं जातो?"

"कुठे जाणार? इथेच असतो."

"मग मानूस कशाला दाबंल त्याला?" म्हणाल्या, आणि चहा अर्धा टाकून वर गेल्या.

तासाभराने परत आल्या त्या एक काळा कंट्रोलर आणि तळहाताएवढी डबी घेऊन. तुम्हाला कंट्रोलर म्हणजे काय ते सांगायला नको, आजोबांना सांगावं लागलं. डाव्या अंगठ्याने गाडी वळते. उजव्या बोटाखाली एक चाप असतो, तो ॲक्सिलरेटर. थोडा दाबला तर गाडी थोडी चालते, पूर्ण दाबला तर पळते. नाही दाबला तर जागची हलत नाही.

डबी टीव्हीला लावली. गाडीचा खेळ मात्र वरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच चालणार होता. मी विचारलं हे होतं कसं, तर बाईंनी माझ्या वाळत घातलेल्या साडीकडे बोट दाखवलं. "वर ते मशीन सेकंदाला साठ चित्रं काढतंय. एकेकाची बारीक घडी घालतंय आनि खाली टाकतंय. ही डबी घड्या उलगडते. दादूसनं इथं बोट दाबलं की ती खबर वर जाते. बोट खाली, गाडी वर. पापनी लवायच्या आत."

पहिल्या दिवशी घड्या वाय-फायवरून टाकल्या. एक स्लॅब नाही म्हटलं तरी मधे होताच, आणि आमचं वाय-फाय तुमच्याशी बोलतानाही अडखळायचं. डोंगरातला रस्ता पडद्यावर आला, आजोबा थोडे पुढे सरकले, आणि चित्राचे चौकोनी तुकडे झाले. तुकडे जुळेपर्यंत गाडी दरीत. आजोबांनी कंट्रोलर बाजूला ठेवला. "बाई, माझी दृष्टी शाबूत आहे. मला हे आंधळ्यासारखं चालवायचं नाही."

मला वाटलं संपलं. पण बाईंचे डोळे लकाकले. आयुष्यात पहिल्यांदा दुसरा कोणी धूसर चित्राबद्दल तक्रार करत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या कपडे वाळत घालायच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीत केबल सोडली. सोसायटीचे सेक्रेटरी खालून ओरडले, "बाई, बिल्डिंगच्या बाहेर वायर लटकवायची नाही." बाईंनी वरून उत्तर दिलं, "लटकत नाय. ओळंबा लावलाय." आणि खरंच, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लावतो तसा दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला होता आणि केबल त्या रेषेत भिंतीला बसवली होती. सेक्रेटरी मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि निघून गेले. त्या भिंतीवर तेवढी सरळ दुसरी गोष्ट नव्हती.

टोकाला क्लिप लावायचं काम आमच्या हॉलमध्ये झालं. बाईंच्या पर्समध्ये काडेपेटीत अर्धं दाढीचं ब्लेड असायचं. नकाशावर शाई चुकली की ट्रेसर ती ब्लेडने खरवडून काढतात, वर पांढरा रंग फासत नाहीत. त्याच ब्लेडने त्यांनी केबलचं कातडं सोललं. आत आठ बारीक तारा. त्या ओळीने लावताना पुटपुटत होत्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मला आजही न अडखळता म्हणता येतं.

मग टीव्ही लावला आणि बाळांनो, काय सांगू. घाटाच्या कठड्याचा दगड न् दगड दिसत होता. दगडांमधलं गवत दिसत होतं. समोरच्या काचेवर धूळ होती आणि उन्हात ती चमकत होती. आमचा हॉल एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. आजोबांनी बोट चापावर ठेवलं आणि गाडी हलली. वेगाचा काटा चारवर.

"चार," मी म्हटलं.

"दिसतंय मला," ते म्हणाले. घामाघूम झाले होते. ती गाडी त्यांनी वीस मिनिटं बैलगाडीसारखी चालवली आणि एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

मला वह्या ठेवायची सवय. मी एक नवी वही केली, रोजचा सर्वांत जास्त वेग लिहायला. बोटात जितका जोर तितका वेग, इतका सरळ हिशेब कुठल्या डॉक्टरनेही दिला नव्हता. चार, सात, सात, बारा. संक्रांतीला एकवीस. व्यायामवाल्या मुलीने वही पाहिली आणि म्हणाली, "आजी, हे तर माझ्या रिपोर्टपेक्षा भारी आहे."

आजोबा साधुसंत नाहीत. एका दुपारी पाहते तर काटा साठावर. खूश होऊन वही काढली, तर साहेबांनी चाप डाव्या हाताने दाबून धरलेला आणि गाडी सरळ रस्त्यावर सोडलेली. मी काही म्हणायच्या आत वरून जिन्यात चपला वाजल्या. बाई त्यांच्या पडद्यावर तोच रस्ता बघत असायच्या, हे आम्ही विसरलो होतो.

"दादूस, वळनावर गाडी सरळ कशी गेली?"

"सवय नाही अजून."

"डावा हात कुठं होता?"

आजोबांनी डावा हात मागे घेतला. मग म्हणाले, "ॲक्सिलरेटर डाव्या बाजूला घेता येत नाही का? सेटिंग असेल ना?"

"हाय ना. दोन मिन्टांचं काम." बाई हसल्या. "नाय करनार."

आजोबा चिडले. दोन दिवस खेळले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मला म्हणाले, "तो घाट अर्धा राहिलाय," आणि कंट्रोलर मागितला. त्या दिवशी वहीत चौतीस आहे, प्रामाणिक चौतीस.

मार्चच्या शेवटी बहात्तर झाले. बोटांना चापाची सवय झाली तशी बटणाचीही होऊ लागली. म्हणजे बटण हातात यायचं, काजात जायचं नाही. तुमची आई शनिवारी पोहोचणार होती.

आणि आता माझी चूक. मुलगी दोन वर्षांनी येणार म्हणून गुरुवारी मी हॉल आवरला. ती केबल बाल्कनीच्या दारातून आत येऊन शोकेसमागून सैल, गोल वळत टीव्हीपर्यंत जायची. माझ्या डोळ्यांना ते रोज टोचायचं. मी ती ताणली, कोपऱ्यात काटकोनात दुमडली, शोकेस मागे सरकवून तिच्यावर दाबून बसवलं आणि वरून खिळे मारले. इतकी नीटनेटकी वायर तुम्ही कोणाच्या घरी पाहिली नसेल.

शुक्रवारी सकाळी घाटात गाडी थिजली. चित्र थबकायचं, तुकडे व्हायचे, पुन्हा चालायचं, तोवर गाडी कठड्यावर. आजोबांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि हात मांडीवर पडू दिला, डिसेंबरमध्ये पडायचा तसा. "राहू दे. तिथे नसणारच आहे हे. सवय मोडलेली बरी."

बाई खाली आल्या, डबीचे आकडे बघितले. "केबलचा वेग हजाराचा शंभर झालाय. माझ्या घड्यांना दीडशे तरी लागतात. केबलला कोनी हात लावला?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

शाळेत मला खरं बोलण्यासाठी बक्षीस मिळालं होतं. ते पुस्तक त्याच शोकेसमध्ये होतं.

मी घाईघाईने सुचवलं, "तात्पुरतं चित्र कमी करा ना. ठिपके कमी केले तर चालेल ना?"

"चालंल. म्हंजे चूक झाकली जाईल. चूक कुठं हाय ते नाय कळनार." त्या खाली बसल्या आणि भिंतीच्या कडेकडेने केबल बोटांत धरून सरकू लागल्या, डोळे मिटून. साठीच्या पुढची बाई, गुडघ्यांवर. शोकेसपाशी पोहोचायच्या आत मीच म्हणाले, "थांबा. मी केलंय. काल."

त्यांनी शोकेस सरकवलं. काटकोन पाहिला. खिळे पाहिले. मला वाटलं आता ऐकावं लागणार.

"बाय," त्या हळूच म्हणाल्या, "तार हाय ती, साडीची निरी नाय." आणि हसत सुटल्या. "लाइन मात्र सरळ काढलीस हां. कचेरीत घेतलं असतं तुला."

दुमडीत आठातल्या दोन तारा तुटल्या होत्या. दुसरी केबल घरात नव्हती. बाईंनी ब्लेड काढलं आणि दुमडीच्या अलीकडे केबल कापली. नवी क्लिप लावली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, या वेळी दोघी मिळून म्हटलं. पण केबल आता टीव्हीपर्यंत पोहोचेना. बाल्कनीच्या दाराशी संपत होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हॉलमधली प्रत्येक वस्तू पंधरा वर्षं एकाच जागी होती, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "टीव्ही उचला." दोघींनी टीव्ही दाराशी आणला, सोफा फिरवला, शोकेस आडवं राहिलं तसंच ठेवलं. हॉल सामान हलवणाऱ्यांनी अर्ध्यावर सोडल्यासारखा दिसत होता. डबीवर हजार आले. आजोबांनी कंट्रोलर उचलला. चहा होईपर्यंत ब्याऐंशी.

शनिवारी तुमची आई आली. दारातून आत येताना आडव्या शोकेसला अडखळली. "आई, हे काय झालंय घराचं?"

"बस," आजोबा म्हणाले. "आधी एक घाट बघ." तिने बूटही न काढता तो घाट पाहिला. मग ते आंघोळीला गेले आणि बाहेर आले ते शर्ट अंगात घालून, बटणं उघडी. खुर्चीत बसले. छताकडे नाही, खाली बघत होते. पहिल्या बटणाला मला वाटतं पाच मिनिटं लागली. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याच्या वेळी तुमच्या आईचा हात पुढे गेला, तर म्हणाले, "हात लावू नकोस. वळणावर आहे मी."

सगळी लागली. एक घर चुकून लागली होती. वर एक काज रिकामं, खाली एक बटण जास्त. तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मला असं काही दिसलं की माझे हात आपोआप जातात, तिला ठाऊक होतं. मी दोन्ही हात पदरात धरून बसले. ती हसली आणि मग रडायला लागली आणि म्हणाली, "चालेल, बाबा. चालेल." तो शर्ट त्यांनी दिवसभर तसाच घातला. तुमची आई पंधरा दिवस राहिली आणि एकटी परत गेली.

मी त्याच सकाळी धावत वर सांगायला गेले. बाई पंख्याखाली पडद्यासमोर होत्या. दादूसने गाडी घाटमाथ्यावर उभी करून ठेवली होती आणि त्या खालचं गाव बघत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, पदराने डोळे टिपले, आणि म्हणाल्या, "ये, बस. या गावाला मात्र गटार हाय बघ."

बाई गेल्याला आता दीड वर्ष झालं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन शेवटपर्यंत पुढे ढकलत होत्या, कारण मधले आठ दिवस खेळ बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या भाच्याने कॉम्प्युटर आम्हाला दिला. तो आता आमच्या मागच्या खोलीत आहे, आणि एसीही त्याच खोलीत आहे. वर नवीन माणसं राहायला आली, म्हणून केबलचं वरचं टोक आमच्या बाल्कनीत उतरवून त्या मागच्या खोलीपर्यंत नेलं. त्याला क्लिप मी लावली.

टीव्ही दाराशीच आहे. रंगवाल्याने भिंत रंगवली ती केबलच्या दोन्ही बाजूंनी. आजोबा रोज चहानंतर गाडी काढतात. काल एकशे नऊ. शर्टाची बटणं तेच लावतात, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी एक घर चुकतं.